सगळ्यांवर एकच नाव

बाबा गेले त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये भावाचा फोन आला, मी ऐकून घेतलं, 'बरं' म्हणालो आणि शेगडीवरचा भात उतरवला. व्हिसाची फाइल अडकलेली होती. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. तेरावं भावाने पुण्याहून गावी जाऊन केलं. त्या दिवशी मी कंपनीच्या शटलची वाट पाहत उभा राहिलो आणि शटल आली तेव्हा चढलो.

पुढे कंपनीने निम्मी माणसं काढली, त्यात मीही होतो. त्याचंही काही वाटलं नाही. एका कन्सल्टन्सीने ठेवून घेतलं आणि २००३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सांगितलं, साउथ डकोटाला जा. नकाशात ते कुठे आहे हे मी पाहिलंसुद्धा नाही. विमानात बसवलं, बसलो. आलिया भोगासी असावे सादर म्हणतात, पण त्या म्हणीत निदान भोग जाणवतो तरी.

काम असं होतं: मिसुरी नदीकाठच्या एका लहानशा गावात शाळा होती. तिच्या विद्यार्थ्यांची माहिती जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवायची. गाव मूळनिवासींच्या रिझर्वेशनला, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाला, लागून होतं आणि शाळेतली बहुतेक मुलं तिथली. मला ऑफिसमागे एक खोली दिली होती. खिडकीतून धान्याचं उंच कोठार दिसायचं आणि त्यापलीकडे काहीच दिसायचं नाही. त्या काहीच नसण्याशी माझं चांगलं जमलं.

दुसऱ्याच आठवड्यात खोलीत एक बाई आल्या. साठी कधीच उलटलेली, अंगात पुरुषी जाड जॅकेट, आणि केस कानाखाली वेडेवाकडे कापलेले, कात्रीने घाईत कापावेत तसे. त्या शाळेत डकोटा भाषेचा तास घेत. मुलं त्यांना 'उन्ची' म्हणत. उन्ची म्हणजे आजी. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "माझी मुलं तुझ्या मशीनमध्ये कुठे आहेत?"

मी दाखवलं. मातृभाषा किंवा वारशाची भाषा असा एक रकाना होता आणि तो वर्षानुवर्षं ज्याने त्याने मनाला येईल तसा भरला होता. कोणासमोर सू, कोणासमोर डकोटा, कोणासमोर नकोटा, दोनचार लकोटा, आणि एका महाभागासमोर नुसतंच इंडियन. एकाच घरातल्या भावंडांच्या तीन भाषा होत्या.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "नियम असा आहे की एका नावाखाली पुरेशी मुलं असतील तरच त्या भाषेचा तास चालतो. माझ्याकडे मुलं आहेत, पण ती एका नावाखाली नाहीत. या वर्षी निभावलं. पुढच्या वर्षी तास बंद."

मी म्हणालो की बघतो. माझ्या धंद्यात 'बघतो' या शब्दाला काही किंमत नसते आणि त्यांना ते ठाऊक असावं, कारण त्या उठल्या नाहीत. मला त्या नावांचा घोळ कळेपर्यंत त्या बसून राहिल्या.

सू हे नाव त्यांचं नव्हेच. पूर्वेकडचे शेजारी, ज्यांच्याशी वैर होतं, ते यांना आपल्या भाषेत एका लांबलचक नावाने ओळखत. फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते नाव ऐकलं, लिहिलं आणि मग त्याचं नुसतं शेपूट उरलं, ते सू. त्याचा अर्थ कोणी लहान साप असा सांगतात, कोणी परकी बोली बोलणारे असा. "शत्रूला विचारलं की हे कोण, तर तो काय चांगलं सांगणार," त्या म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं नाव डकोटा. म्हणजे मित्र, सोयरे, एकमेकांचे म्हणवणारे. मला आमची म्हण आठवली, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

नदीपलीकडे पश्चिमेला जे राहतात ते त्याच शब्दातला 'ड' सोडून 'ल' म्हणतात, म्हणून ते लकोटा. आणखी वायव्येला, मोन्टाना आणि कॅनडाकडे, जे दूरचे भाऊबंद आहेत ते 'न' म्हणतात. इथवर ठीक होतं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना नीटनेटकेपणाची हौस असते. पूर्वेला ड, पश्चिमेला ल, मग मधल्या लोकांसाठी न घ्यावा म्हणजे चित्र कसं छान दिसतं. उन्ची मधल्या होत्या.

"माझी आजी जन्मात स्वतःला नकोटा म्हणाली नाही," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकात छापलं, मग पाटीवर आलं, मग आमच्याच मुलांच्या शर्टांवर आलं. माझा पुतण्या तो शर्ट घालून माझ्या घरी जेवायला येतो. मी वाढते आणि गप्प बसते."

हे त्या चिडून सांगत नव्हत्या. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी गुडघेदुखीचं सांगावं तसं सांगत होत्या. मी केसांकडे बघत होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बहीण गेली," त्या म्हणाल्या. "आमच्यात गेलेल्यासाठी केस कापतात. वर्षभर नाचगाण्याला जात नाहीत."

मी म्हणालो, "माझे वडील गेले." अमेरिकेत हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. कामावर गेलो."

त्यांनी मान हलवली. बिचारा वगैरे म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही दोघी रोज सकाळी फोनवर बोलायचो. तिचा चहा, माझी कॉफी. सगळं आमच्या बोलीत, आईच्या तोंडचं. आता या गावात ती बोली कळणारे आहेत, पण बोलणारं कोणी नाही. मी बोलले तर मला इंग्रजीत उत्तर येतं. म्हणून तो तास हवा. मला संस्कृती वगैरे काही वाचवायची नाही. मला उत्तर देणारं कोणीतरी पाहिजे."

बाबा गेल्यावर भावाने आईला हिंगणघाटहून पुण्याला आपल्याकडे नेलं होतं. दर रविवारी मी कॉलिंग कार्डावरून फोन करायचो. पूर्वी ती विचारायची, "जेवला का रे बापू?" आता विचारायची, "जेवलास का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वहिनीने फोन उचलला. भावाच्या सोसायटीत तिच्या मले-तुलेला बायका हसायच्या, प्रेमानेच, पण हसायच्या. नातीने तर वर्गात आजीची नक्कल करून बक्षीस मिळवलं होतं. मी स्वतः इंजिनियरिंगच्या हॉस्टेलात पहिल्या सहामाहीतच 'माय' सोडून 'आई' म्हणायला लागलो होतो, तेव्हा मी कोणाला काय सांगणार. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्या घरात ती एका पिढीत दोनदा बदलली. फोनवर आम्ही दोघं शुद्ध मराठीत हवापाणी बोलायचो आणि ठेवून द्यायचो.

याद्या पडताळायच्या म्हणून मी उन्चींच्या तासाला जाऊन बसलो. मला वाटलं, हजेरी होईल, नावं जुळवू. तिथे हजेरीच नव्हती. त्या वर्गात कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही असा दंडक होता. नात्यानेच हाक मारायची. त्यामुळे जूनपासून, म्हणजे त्यांच्याकडे ऑगस्टपासून, पहिले कितीतरी आठवडे मुलं नुसती कोण कोणाचं कोण लागतं हे शोधण्यात घालवत. घरी जाऊन विचारून येत. लहान मुलगा मोठ्या मुलीचा काका निघे आणि वर्ग खदखदून हसे. एखादं नातं सापडलंच नाही तर उन्ची बसून एक लावून देत. नातं न लावता माणूस खोलीत बसू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग माझा प्रश्न आला. मुलांनी विचारलं, तुझी टोळी कोणती? मी म्हणालो, मराठी. "हे नाव तुमचं तुम्ही ठेवलंय की दुसऱ्याने?" नऊदहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, दोन वेण्या आणि समोरचा एक दात पडलेला. मी म्हणालो, आमचं आम्हीच असावं. "मग इंडियन?" ते दुसऱ्यांनी, मी म्हणालो. "आमचंही," ती म्हणाली, आणि एवढ्यावर तिचं समाधान झालं. थोडा खल करून तिने माझं नातं ठरवलं. मी तिच्या आईचा भाऊ. त्यांच्या बोलीत 'देक्शी', म्हणजे मामा. सगळा वर्ग मग मला देक्शी म्हणू लागला, आणि उन्ची मला 'ताकोजा' म्हणू लागल्या, म्हणजे नातवंड. आजीचा नातू नातवंडांचा मामा कसा, हे त्यांनी पाहून घेतलं. आमच्या गावीही असली नाती कोणी तपासत नाही.

जानेवारीत डेटा हलवायची वेळ आली. नव्या सिस्टिममध्ये राज्याने ठरवलेले पर्याय होते. त्यात या सगळ्यांसाठी एकच पर्याय होता, सू. नाहीतर 'इतर'. सनीव्हेलहून आमच्या टीम लीडचा फोन आला. लीड सदाशिव पेठेतला, हुशार, मनाने चांगला. सू हा शब्द उच्चारताना त्याला दर वेळी हसू यायचं. का ते मराठी माणसाला सांगायला नको.

"अरे, ते लँग्वेजचं फील्ड क्लीन कर ना यार," तो म्हणाला. "एका गोष्टीच्या पाच व्हॅल्यूज आहेत."

"एक गोष्ट नाहीये ती. वेगवेगळे आहेत."

"म्हणजे डायलेक्टच ना? मग एकच झालं. उद्या म्हणशील, वऱ्हाडीला सेपरेट कोड दे." तो हसला. मीही हसलो. हसण्याची जागा होती तिथे हसण्याइतपत मी शाबूत होतो.

"टीचरला विचारतो," मी म्हणालो.

"विचार, पण फ्रायडेपर्यंत फ्रीझ करायचंय."

मी उन्चींना सगळं समजावून सांगितलं. डकोटा ठेवलं तर मुलं 'इतर'मध्ये जातील, आणि 'इतर'चा तास नसतो. सू केलं तर सगळी एकत्र येतील आणि संख्या हवी त्याहून जास्त होईल. त्यांनी पडद्यावरच्या 'सू'वर बोट ठेवलं.

"म्हणजे शत्रूने ठेवलेलं नाव घेतलं तर माझा तास वाचतो."

"हो."

"ठेव मग. दारावर काय लिहायचं ते लिहा. दार उघडं राहिलं म्हणजे झालं."

मी एक ओळ लिहिली आणि ती चालवली. डकोटा, नकोटा, लकोटा सगळे एका क्षणात सू झाले. फ्रेंच व्यापाऱ्यांना याला बरीच वर्षं लागली असतील. त्या दिवशी उन्चींनी ऑफिसात सगळ्यांना तळलेली पोळी आणि जंगली बेरींचा घट्ट गोड रस वाटला. पोळी आपल्या पुरीच्या जवळची होती. मी तीन खाल्ल्या आणि आठवड्याभरात कॅलिफोर्नियाला परतलो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट असते तिला स्कोप म्हणतात. नाव बदलून दिलं की आपलं काम संपलं. ते नाव वाचून पुढे कोण काय करणार, हे स्कोपच्या बाहेर. राज्याच्या कुठल्यातरी कचेरीत कोणीतरी माणसाने ती नवी संख्या वाचली असणार. सू भाषेची एवढी मुलं आणि शिकवायला एकटी म्हातारी, हे त्याला वाईट दिसलं असणार. सू भाषेसाठी तयार पाठ्यक्रम उपलब्ध होताच, पश्चिमेकडच्या एका कॉलेजात. रंगीत पुस्तकं, सीडी, टीव्हीवरून थेट, मुलांशी बोलत शिकवणाऱ्या बाई. त्याने तो पाठवून दिला. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मला जर त्या खुर्चीत बसवलं असतं तर मीही तेच केलं असतं, आणि संध्याकाळी एक चांगलं काम केलं म्हणून खूश होऊन घरी गेलो असतो.

हे मला नव्या शालेय वर्षात, सप्टेंबरात कळलं. सिस्टिमची नवी आवृत्ती बसवायला पुन्हा गेलो होतो. सकाळी शाळेच्या दारातच ती वेण्यांची मुलगी भेटली. दात आला होता. लांबूनच पळत आली आणि ओरडली, "लेक्शी!"

मी थांबलो. मला वाटलं, विसरली असेल. मग तिच्यामागून दुसरा आला, तोही लेक्शी म्हणाला, आणि तिसराही. विसरली नव्हती. नीट शिकली होती.

पहिलाच तास त्यांचा होता. वर्गात भिंतीवर टीव्ही लावला होता. त्यावर एक तरुण बाई लकोटा शिकवत होत्या, हसतमुख, उत्साही, मुलांची नावं पाठ असलेल्या. मुलं खरंच भराभर उत्तरं देत होती. उन्ची मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचं पद आता मदतनीस असं झालं होतं: टीव्ही चालू करायचा, पुस्तकं वाटायची, कोणी दंगा केला तर बघायचं. केस खांद्यापर्यंत आले होते. वर्ष उलटून गेलं होतं.

मी शेजारी जाऊन बसलो. हळूच विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कोणाला? सगळे माझं अभिनंदन करत होते." टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "छान शिकवते ती. माझ्याहून छान. मुलं घरीसुद्धा बोलायला लागलीत."

"पण?"

"पण ते माझ्या बहिणीच्या तोंडचं नाही."

मला माफी मागावीशी वाटली, पण कशाची मागायची ते नेमकं सांगता येईना. टीव्हीवरच्या बाईंनी निरोप घेतला. मुलं दप्तरं आवरू लागली. वेण्यांच्या मुलीच्या जॅकेटची चेन अडकली होती. ती सरळ मागे आली आणि उन्चींपुढे उभी राहिली. उन्चींनी वाकून, चष्मा सावरत, चेन सोडवून वर ओढली.

"पिलामाया, उन्ची," मुलगी म्हणाली. धन्यवाद, आजी.

उन्चींच्या बोलीत तो शब्द पिदामाया असा आहे. गेल्या वर्षी हीच मुलगी तो तसा म्हणायची. उन्चींचा हात चेनवरच राहिला. त्या आता सुधारतील असं मला वाटलं; त्यांचा हक्कच होता. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, उत्तराची वाट पाहत. मग उन्चींनी तिच्या गालाला हात लावला आणि हळूहळू, परक्या गावचा पत्ता विचारावा तसं जपून, पुस्तकातल्या त्या 'ल'च्या बोलीतलं एक वाक्य तिला म्हटलं, आणि शेवटी ताकोजा म्हटलं. मुलगी हसली आणि पळाली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही असं का बोललात?"

"तिने मला आजी म्हटलं," त्या म्हणाल्या. "नातं लावून हाक मारली की ओ द्यावी लागते. तिला ज्यात कळेल त्यात." मग टीव्ही बंद करायला उठल्या. बटण दाबून तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "आता मीच ओ देणारी," त्या म्हणाल्या. "मला द्यायला कोणी उरलं नाही. माझं घर आता फार शांत असतं, ताकोजा."

मी बाहेर गाडीत येऊन बसलो. समोर कापलेल्या मक्याचं शेत होतं. पुण्यात रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. वार रविवार नव्हता, तरी मी मोबाइल आणि कार्ड काढलं, नंबर फिरवला. आईनेच उचलला. मी हॅलो म्हणालो.

"हॅलो? जेवलास का?" तिने सवयीने विचारलं. त्या एवढ्याशा शब्दात ती किती सावध होती, ते मला तोवर ऐकूच आलं नव्हतं.

मी म्हणालो, "जेवली का वं माय?"

मला वाटलं, लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हणालो.

"हाव, हाय मी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुह्या बाबाचा आवाज आला वाटलं मले."

"मीच हाय वं, माय," मी म्हणालो.

"जेवली," ती म्हणाली. "सुनेनं वांगे केले होते. गूळ टाकला होता त्याच्यात."

"वांग्यात गूळ काहून टाकते वं?"

"आता कोणाले पुसू मी, बापू," आई म्हणाली, आणि हसली. आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. वांग्याचं, सोसायटीतल्या बायकांचं, बाबांच्या शेवटच्या दिवसाचं, जे तिने दीड वर्षात मला सांगितलंच नव्हतं. ते काय खायला मागत होते, कोणाला हाका मारत होते. मी गाडीत स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत होतो, आणि तिला कळू नये म्हणून मधूनमधून नुसतं 'हाव' म्हणत होतो.